मामाचा व्हेप, सासऱ्यांची टॉर्च आणि पावसाळ्यातला स्प्रे

घरातल्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती आणि रंगकाम : कोल्हापूरच्या वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. माझा मामा बरीच वर्षं दुबईत होता, २०१७ ला परत आला तेव्हा तिथला एक व्हेप (बॅटरीवरची ई-सिगारेट) घेऊन आला, चौकोनी डबीसारखा असतोय बघा, वर काचेची टाकी आणि बाजूला बटण. मामानं ते सगळं कधीच सोडलं, आता माळ घातलीय त्यानं, वारीला जातोय. पण डबा कपाटात तसाच राहिला, परवा साफसफाईत सापडला आणि मला त्याची बनावट लई आवडली. आता त्याचा निळा रंग पापुद्रे सुटून निघालाय, मागची रबरासारखी बाजू हाताला चिकटतीय, बटण पण अडकतंय. घरीच स्प्रे मारून नवा करायचाय, काळा मॅट नाहीतर भगवा. ओढायचा नाहीये, शोकेसला ठेवणार. (जमलं तर एकदा चालू करून बघणार, खोटं कशाला बोलू.) कसं करू?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : खोटं बोलला नाहीस ते बरं केलंस, कारण सगळं उत्तर त्या कंसातल्या वाक्यावरच अडलंय. रंगाचं मी सगळं सांगतो, अगदी सविस्तर सांगतो, पण चालू करायचं डोक्यातनं काढ. आधी ते का, ते ऐक.

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळं बंद. विक्री-आयातीत पहिल्यांदा सापडला तर १ वर्षापर्यंत कैद नाहीतर १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर ३ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. साठा करून ठेवला तर ६ महिन्यांपर्यंत नाहीतर ५० हजारांपर्यंत, किंवा दोन्ही. आता तू म्हणशील काका, एक डबा म्हणजे काय साठा झाला का, पण चालू करायचा म्हटलं की त्याला नवी कॉइल (लिक्विड तापवणारी तार) लागणार, लिक्विड लागणार, ते कुठनं आणणार? जो कोण गुपचूप विकतोय तो गुन्हाच करतोय आणि त्यानं बाटलीत काय भरलंय ते त्यालाच माहिती. निकोटिन नसलेला पण चालत नाही बरं का, कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, तापवून ओढायचा धूर करणारं यंत्र म्हणजे ई-सिगारेटच. "रिपेअर करून विकतो" असला धंदा सुचला असेल तर तो आत्ताच मिटव.

(निपाणीची तंबाखू हाकेच्या अंतरावर, पानपट्टीवर बिडी-सिगारेट उघड मिळते, आणि बंदी या डबीवर, हा सवाल मला पण पडतोय. पण तो सवाल पोलिसाला घालून उपयोग नाही.)

म्हणून माझं म्हणणं असं की त्यातला व्हेप काढून टाक आणि डबा ठेव. सेल, सर्किट, कॉइल, टाकी सगळं बाहेर काढलं की उरतोय तो नुसता धातूचा खोका, त्याला तापवता येत नाही, ओढता येत नाही, आणि तसाच खोका रंगवायला पण सोपा जातोय. जोडलेलं यंत्र रंगवणं म्हणजे हजार ठिकाणी टेप मारा, तरी रंग आत जाणारच.

पहिलं काम सेलचं. मागचं झाकण सरकलं किंवा लोहचुंबकावर बसलेलं असलं की आत १८६५० नंबरचा गोल सेल दिसेल. १८ म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी. लिथियमचा असतोय, ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. इतकी वर्षं पडून राहिलेला सेल चार्ज करून बघू नकोस, पार उतरलेल्या लिथियम सेलमध्ये आत तांबं विरघळून बारीक शॉर्ट तयार होतात आणि चार्जिंगला लावल्यावर तो तापतोय, पेटतो पण. दुसरी गोष्ट, त्या सेलवरचं रंगीत प्लास्टिक फाटलंय का बघ. त्या प्लास्टिकखाली सगळी बाजू निगेटिव्ह असते, नुसता बूड नाही, सगळा डबा, आणि वरच्या टोकाला पॉझिटिव्हभोवती कागदाची एवढीशी चकती. ती फाटली आणि खिशात किल्ल्यांबरोबर सेल टाकला की झालं कल्याण, मांडी भाजलेल्या बातम्या अशाच येतात. दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप मारायची, प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, पत्र्याच्या नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडं द्यायचा. घंटागाडीत टाकू नकोस, गाडीत कचरा दाबतात तेव्हा असले सेल चेपून पेटतात. मिठाच्या पाण्यात बुडवून सेल "मारायचा" व्हिडिओ फिरतोय, तो पण नको, टोकं गंजतात, सेल फुटून गळतो आणि आत चार्ज शिल्लकच राहतो. आणि गोल सेलच्या जागी चपटी चंदेरी पुडी असेल आणि ती फुगलेली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायची नाही, टोचायची नाही, डबा तसाच उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवायचा आणि तसाच द्यायचा.

दुसरं टाकीचं. आतलं पिवळट-तपकिरी चिकट जे राहिलंय त्यात निकोटिन असू शकतंय आणि निकोटिन कातडीतून आत जातंय. रबरी हातमोजे घाल, लहान पोरं आणि मांजर लांब ठेव, कापसानं पुसून तो कापूस पिशवीत बांध, बेसिनमध्ये सोडू नकोस. टाकी आणि कॉइल ठेवायच्याच नाहीत.

आता रंग. इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथंच, आणि स्प्रेच्या कॅनला शिव्या घालतात.

तुझ्या डब्याच्या फटीत, बटणाभोवती, झाकणाच्या खाचेत एक न दिसणारा चिकट थर असणार. व्हेपच्या लिक्विडमध्ये निम्म्याहून जास्त ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतंय, ते कायम गळतंय आणि झिरपतंय. माणूस काय करतो, रंगाआधी थिनरच्या बोळ्यानं पुसतो आणि खुश होतो. पण ग्लिसरीन थिनरमध्ये धड विरघळत नाही, नुसतं पसरतंय. मग रंग मारल्यावर दुसऱ्या दिवशी फटीच्या कडेनं फोड येतात आणि खापर प्रायमरवर फुटतंय. ग्लिसरीन पाण्यात विरघळतंय. म्हणून साधं गरम पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, फटीफटीतनं घासायचं, स्वच्छ पाण्यानं धुवायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं आणि मगच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचं तेल पण रंगाला पुरतंय. अजून एक, घरात कुणी गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश मारत असेल तर त्या खोलीत हे काम नको. त्यातलं सिलिकॉन हवेतनं येऊन बसतंय आणि रंग ओला असतानाच बारीक गोल खड्डे पडतात, परत पॉलिश पेपर मारून पहिल्यापासनं.

मागची चिकटणारी बाजू आहे ना, ते रबर नव्हेच. तो मऊ लागणारा पॉलियुरेथेनचा थर असतोय, आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांनी तो पाण्यानं तुटत जातो आणि चिकट होतो. जुने माऊस, दुर्बिणी, गाडीतली बटणं, सगळ्यांची हीच तऱ्हा. टाल्कम पावडर लावून चार दिवस चालतंय, पण तो थर वाचत नाही, काढूनच टाकायचा. अल्कोहोलमध्ये कापड भिजवून थोडा वेळ वर ठेवलं की थर मऊ पडतो, मग प्लास्टिकच्या पट्टीनं, जुनं एटीएम कार्ड झकास चालतंय, खरवडायचा. काळ्या गोळ्या गोळ्या होऊन निघतो, हात काळे होतात, घरचे ओरडतात, पण निघतो.

निळ्या रंगाचं मात्र घाई करून सगळंच खरवडू नकोस. जिथं रंग घट्ट वाटतोय तिथं ब्लेडनं बारीक जाळीसारख्या रेघा मार, वर चिकटपट्टी दाबून बसव आणि एका झटक्यात ओढ. पट्टीबरोबर रंग आला तर सगळा काढायचा. नाही आला तर कारखान्यातला भाजलेला रंग आहे, त्याच्यासारखा पाया तुला घरी करता येणार नाही, तो तसाच ठेवायचा, फक्त निघालेल्या जागेच्या कडा ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासत घासत अशा उतरत्या करायच्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागली नाही पाहिजे. मग सगळ्यावर ६०० चा पेपर, चकाकी जाईपर्यंत. आणि काही डबे रंगवलेले नसतातच, ॲनोडाईज केलेलं ॲल्युमिनियम असतंय, त्याचा रंग धातूच्या थरातच मुरलेला, थिनरनं जन्मात निघणार नाही. पण तुझे पापुद्रे निघतायत म्हणजे तुझा रंगच आहे.

धातू कुठला ते बघ. चुंबक चिकटत नाही आणि हाताला हलका म्हणजे ॲल्युमिनियम, चिकटत नाही पण आकाराच्या मानानं जड म्हणजे जस्ताचं ओतकाम. हे माहिती असणं गरजेचं आहे कारण कुणीतरी तुला कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला देणारच. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातंय, फसफसून हायड्रोजन सोडतंय, अंगावर उडालं तर कातडी जाते, आणि जस्ताला पण ते सोडत नाही. तसंच घरातला उरलेला ऑइल पेंट, खिडकीचा, जस्तावर थेट मारायचा नाही. त्यातलं तेल आणि जस्त मिळून साबण तयार होतोय, अगदी रसायनशास्त्राच्या अर्थानं साबण, आणि महिन्या-वर्षानं सगळा रंग सालीसारखा सुटतो. म्हणून उघड्या पडलेल्या धातूवर आधी इच प्रायमर. त्यात थोडं आम्ल असतंय, ते धातूला चावा घेऊन बसतंय. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात "ॲल्युमिनियमवर मारायचा प्रायमर" एवढं म्हटलं तरी देतात. पातळ मारायचा, खालचा धातू थोडासा दिसला तरी चालतंय, जाड मारला तर उलट सुटतो.

मग रंग. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव, कोमट म्हणजे कोमट, गॅसवर नाही, हसू नको, ठेवणारे आहेत. चांगला हलव. डबा आतल्या स्क्रूच्या भोकातनं तार घालून टांग, म्हणजे फिरवता येतो. एक वीतभर लांबून, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा, वरनं पुढं न्यायचा आणि पलीकडं बाहेर जाऊनच बोट सोडायचं. पहिला हात एवढा हलका की अर्धा प्रायमर दिसायला पाहिजे. तिथंच माणसाचा धीर सुटतो, भगवा अजून फिक्का वाटतोय म्हणून एकदा जोरात मारतो आणि ओघळ येतो. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. आणि भगवा मारायचा असेल तर खाली पांढरा प्रायमर घे, राखाडीवर भगवा मळका दिसतो. कॅनवर परत कधी मारायचं त्याची वेळ लिहिलेली असते, ती पाळ. इनॅमल असेल तर सांगितलेल्या वेळेनंतर मधल्याच वेळी परत मारला की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात.

हाताला वाळला म्हणजे झाला असं नव्हे. तासाभरात बोट लावता येतं पण नख रुततं. आठवडाभर तसाच टांगून ठेव, मग जोड. बटण बसतं त्या भोकाच्या आत आणि बटणाच्या कडेला रंग जाऊ द्यायचा नाही, तीन थर रंग आणि वरचा पारदर्शक लॅकर मिळून एवढी जाडी होते की बटण अडकतंच. तुझं आत्ता अडकतंय ते बहुतेक वाळलेल्या लिक्विडनं, साबण-पाण्यानं सुटेल.

वरनं क्लिअर लॅकर मारायचा तर साधा एकाच कॅनमधला घे. कॅनच्या बुडातली पिन दाबून आतला हार्डनर सोडायचा तो टू-के प्रकार घरात नको. त्यात आयसोसायनेट असतंय, साध्या मास्कला जुमानत नाही, दम्याचं दुखणं मागं लावतंय. तसली चकाकी पाहिजेच असेल तर गाड्या रंगवणाऱ्याकडं जा, त्याच्याकडं बूथ असतंय, दुसऱ्या कुणाच्या गाडीबरोबर तुझा डबा पण मारून देईल, चहापाण्यात.

उद्यमनगरात पावडर कोटिंग करून मिळेल का असं पुढचं पत्र येणार हे मला माहिती आहे. मिळेल. ॲल्युमिनियमचा रिकामा डबा असेल तर उत्तमच होईल. पण पावडर साधारण १८० ते २०० अंशाला भट्टीत भाजतात, आत एक जरी प्लास्टिकचा तुकडा, रबराची रिंग, चुंबक राहिला तर गेला. लहान चुंबक त्या उष्णतेत आपली ताकदच घालवतात आणि मग झाकण बसत नाही. आणि जस्ताचं ओतकाम असेल तर आत अडकलेली हवा तापून वर येते, रंगावर पुरळ उठतं. भट्टीवाला नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नकोस, बरोबर म्हणतोय तो.

आता रिकाम्या डब्याचं करायचं काय? नुसता शोकेसला ठेवला तर आठवड्यानं कंटाळशील. माझ्या मतानं त्याचा लाईट गेल्यावरचा दिवा कर. एका नव्या, चांगल्या १८६५० सेलला जागा आयतीच आहे. टीपी ४०५६ म्हणून चार्जिंगची छोटी पट्टी मिळते, त्यातली संरक्षणाचं सर्किट असलेलीच घ्यायची, सेल ४.२ व्होल्टला पोचला की ती थांबते आणि पार उतरायच्या आत तोडते. एक ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी, त्याच्या आधी ६८ ओहमचा रेझिस्टर, आणि एक सरकता स्विच, कारण डब्याचं मूळ बटण दाबलं तेवढ्यापुरतंच चालतंय. टाकी बसायची त्या वरच्या भोकात एलईडी बसव. एक लक्षात ठेव, सेलची टोकं जिथं टेकतात त्या पट्ट्यांवर रंगाचा थेंब नको, रंगातनं वीज जात नाही, आणि डब्याचा धातू सेलच्या कुठल्याही टोकाला उघडा लागता कामा नये. मामा पहाटे काकड्याला उठतो तेव्हा वापरेल, घरात कुणी तक्रार करणार नाही.

प्रश्न : काका, वरच्यासारखंच आमच्या ग्रुपमध्ये पण चाललंय म्हणून विचारते. पोरं म्हणतात ती नुसती वाफ असते, सिगारेटसारखा धूर नाही, म्हणजे दुरुस्त करून वापरला तर काय बिघडलं?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : वाफ म्हणजे पाण्याची असं वाटतंय तुम्हाला, पण त्यात पाणी जवळजवळ नसतंय. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल तापून थंड हवेत त्याचे बारीक थेंब होतात, त्यात निकोटिन आणि वासाची रसायनं. चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टनं २००३ च्या आसपास आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना केला तो सिगारेट सोडायला म्हणूनच, आणि त्याच्याही आधी अमेरिकेत १९६५ साली असल्या बिनधुराच्या सिगारेटचं पेटंट दिलेलं होतं, पण ती बाजारात आलीच नाही. सोडायला म्हणून आलेलं यंत्र ज्यांनी कधी बिडी पण ओढली नाही अशा पोरांच्या हातात गेलं. २०१९-२० ला अमेरिकेत व्हेपमुळं फुप्फुसं निकामी होऊन ६८ माणसं दगावली, त्यात मुख्य संशय काळ्या बाजारातल्या, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. आपल्याकडं सगळाच बाजार काळा आहे, म्हणजे बघा.

आणि दुरुस्तीचं म्हणाल तर, हवा जाते त्या वाटेत, तोंडाला लागतं त्या नळीत कुणी घरचा स्प्रे मारला, सोल्डरचा डाग दिला, गोंद लावला की ते सगळं शेजारच्या गरम कॉइलनं तापणार आणि छातीत जाणार. ग्रुपमधल्या पोरांना एवढं एक वाक्य दाखवा.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची तीन सेलची पितळी टॉर्च आहे, ते पन्हाळ्याच्या बाजूला शेताला पाणी पाजायला जायचे रात्रीचे तेव्हाची. आत सेल राहिले आणि फुटले, पांढरं-हिरवं बुरशीसारखं झालंय आणि शेवटचा सेल निघतच नाही. बाहेरून चंदेरी आहे पण ठिकठिकाणी पिवळं दिसतंय. रंगवून घेऊ का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : ताई, रंगवू नका. बाकी काय करायचं ते करा पण रंगवू नका. ते चंदेरी म्हणजे पितळेवर चढवलेलं निकेल आहे, हाताच्या पकडीनं जिथं झिजलंय तिथं पितळ दिसतंय. सासऱ्यांचा हात कुठं असायचा ते कळतंय त्यावरनं. रंग मारला तर ते गेलं, आणि निकेलवर घरचा रंग टिकत पण नाही.

सेल काढायचं काम धीराचं आहे. हातमोजे आणि चष्मा घाला. जुने साधे सेल असतील तर बाहेर आलेलं आंबट, म्हणजे आम्लाच्या बाजूचं असतंय, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाईन लिहिलेले असतील तर आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साईड, ते उलट्या बाजूचं, त्याला व्हिनेगर. लोक सगळ्यालाच लिंबू चोळतात, साध्या सेलला त्याचा काही उपयोग नाही. टॉर्च उभी धरून अडकलेल्या सेलभोवती थेंब थेंब सोडायचं, तासभर ठेवायचं, मागचं टोक लाकडी फळीवर हलक्या हातानं आपटायचं. नाही आला तर परत. समोरची काच आणि बल्ब काढून पुढनं लाकडी काठीनं ठोकता येतंय. ड्रिलनं सेल पोखरायचा सल्ला मिळेल, पण पितळेचा पत्रा पातळ असतोय, ड्रिल जरा वाकडं गेलं की आरपार.

निघाल्यावर आतनं पाण्यानं विसळा, उन्हात वाळवा. स्प्रिंग आणि स्विचची पट्टी बारीक पॉलिश पेपरनं फक्त टेकायच्या जागी घासा. बाहेरून साबण-पाणी आणि मऊ फडकं, बास. निकेलवर पितांबरी घासू नका, ती पितळेला चांगली, इथं उरलंसुरलं निकेल पण नेईल. परत नवीनच करायची हौस असेल तर हुपरीकडं चांदीकामाच्या नादानं मुलामा देणारी माणसं आहेत, पण मी तर आहे तशीच ठेवीन. आणि सेल घातलेत तर पावसाळ्याच्या आधी काढून ठेवत जा.

प्रश्न : स्प्रे मारला की रंग पांढुरका, धुरकट होतो. कॅन खराब निघाला का? दोन कंपन्यांचे बदलून बघितले.
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : तुम्ही तारीख लिहिली नाही पण मी सांगतो, जुलै नाहीतर ऑगस्ट. कॅनचा काही दोष नाही. रंगातलं थिनर झपाट्यानं उडतंय, उडताना पृष्ठभाग गार करतंय, आणि आपल्याकडं पावसाळ्यात हवा इतकी ओली की त्या गार झालेल्या रंगावर दव बसतंय. तेच आत अडकून पांढरं दिसतंय. लॅकरच्या रंगाला जास्त होतंय. अजून हाताला मऊ असेल तर एखाद्या कोरड्या दिवशी वरनं थिनरचा अगदी हलका फवारा मारून बघा, काही वेळा अडकलेली ओल निघून जाते. नाहीतर घासून परत.

दिवाळीनंतर करा. पण तुमच्याकडं किंवा कसबा बावड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना एक अडचण, तेव्हाच गळीत हंगाम सुरू असतोय आणि साखर कारखान्याच्या चिमण्यांची काळी राख उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, तशी ओल्या रंगावर पण. गच्चीत उघड्यावर मारू नका. फ्रीजचा किंवा टीव्हीचा मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा घालायचा, आतनं पाण्याचा हात फिरवून धूळ बसवायची, वस्तू आत टांगायची, तोंडाला पडदा. खोका गच्चीतच ठेवा, बाथरूममध्ये नाही, तिथं गिझरची ठिणगी आणि थिनरचा वास एकत्र आला तर रंगापेक्षा मोठं काम लागेल.

प्रश्न : जुन्या मोपेडच्या सायलेन्सरला हाच काळा मॅट स्प्रे चालेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : नाही. साधा रंग शंभर-सव्वाशे अंशापुढं पिवळा पडतो, जळतो, वास मारतो. सायलेन्सरसाठी सिलिकॉनचा उष्णता सहन करणारा वेगळा स्प्रे येतो, कॅनवर ६०० अंश असं काहीतरी लिहिलेलं असतंय. गंज तारेच्या ब्रशनं पार काढा, प्रायमर मारू नका, साधा प्रायमर खाली जळून वरचा रंग घेऊन पडतो. पातळ दोन हात मारा, वाळू द्या, मग गाडी उभ्यावरच थोडा वेळ चालू करून बंद करा, गार होऊ द्या, परत जरा जास्त वेळ चालू करा. असं तापवल्याशिवाय तो रंग पक्का होत नाही. पहिल्या वेळी धूर निघेल, शेजारी येतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.